गुरुवारी दुपारी दीड ते तीन: राहुकाळ की अमृत चौघडिया?

कोरांटी (डोंबिवली)

मंडळी, जरा घाईत विचारतेय. माझ्या धाकट्या जावेचं शिवणकामाचं दुकान (ब्लाउज, परकर-पोलकी, फॉल-पिको) येत्या मार्गशीर्षातल्या गुरुवारी उघडायचंय. वार ठरलाय, त्यात वाद नाही. सकाळी घरी घट मांडायचा, पूजा-कहाणी उरकायची आणि मग दुकानावर जायचं. मुलांची शाळा, दिरांची अर्ध्या दिवसाची रजा हे सगळं धरून सोयीची वेळ निघते दुपारी पावणेदोनच्या आसपासची.

आता गंमत ऐका. जावेचे वडील बेळगावचे. ते म्हणतात, "गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ. त्या वेळेत कुलूपसुद्धा काढू नका." गाळ्याचे मालक गुजराथी काका. ते म्हणतात, "गुरुवारी दीड ते तीन अमृत चौघडिया. यापेक्षा चांगली वेळ शोधून मिळणार नाही." दोघांनी आपापले मोबाइल उघडून दाखवले आणि दोघांच्याही मोबाइलवर तसंच लिहिलेलं. सासूबाई म्हणाल्या, मार्गशीर्षातला गुरुवार आहे, लक्ष्मी काय घड्याळ बघून येते का! पण व्याह्यांचा शब्द मोडायची कोणाचीच तयारी नाही आणि गाळा मालकांचा आहे.

आपल्याकडे मुळात राहुकाळ धरतात का? धरला तर चौघडियाचं काय करायचं? आणि कृपा करून "हे सगळं थोतांड आहे" यावर शंभर प्रतिसाद नकोत. माहीत आहे की येणारच, तरी आपलं सांगून ठेवलं.

तिरकस

पहिला नंबर माझा. हे सगळं थोतांड आहे.

(चहा ठेवलाय, चालू द्या.)

अण्णा_शहापूर

कोरांटीताई, तुमच्या व्याह्यांची बाजू घ्यायला मी आलो. आम्ही बेळगाव-शहापूरकडची माणसं, राहुकाळ आमच्या अंगवळणी पडलेला असतो. आमच्याकडे गाडीची डिलिव्हरी घ्यायला कोणी सोमवारी सकाळी आठला गेलं, तर शोरूमवालाच म्हणतो, "नऊ वाजू देत की हो." घरमालक भाडेकरूला किल्ली देताना बघतो, साखरपुड्याला निघताना बघतात. फॉर्म भरायला निघालेले उमेदवार तर बघतातच, त्यात कुठला पक्ष मागे नाही.

कोष्टक असं: सोम ७:३० ते ९, शनि ९ ते १०:३०, शुक्र १०:३० ते १२, बुध १२ ते १:३०, गुरु १:३० ते ३, मंगळ ३ ते ४:३०, रवि ४:३० ते ६. लक्षात ठेवायला शाळेत एक वाक्य फिरायचं, "मदर सॉ फादर वेअरिंग द टर्बन सडनली". मंडे, सॅटर्डे, फ्रायडे, वेन्सडे, थर्सडे, ट्यूसडे, संडे. एकदा ऐकलं की आयुष्यभर विसरत नाही.

एक मात्र सांगतो. राहुकाळात नवं काम सुरू करत नाहीत, चालू काम थांबवत नाहीत. दुकान एकदा उघडलं की मग पुढे दर गुरुवारी दीडला शटर खाली ओढायचं नसतं!

निशिगंध

आमच्या सोलापुरातही धरतात. कोकणातल्या माझ्या सासरी मात्र कोणी नावही घेत नाही. तिथे अमावास्या तेवढी बघतात.

आकडेमोड

दोन्ही मोबाइल चुकताहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच कारणाने. जरा सविस्तर लिहितो.

राहुकाळ काय किंवा दिवसाचा चौघडिया काय, दोन्ही दिनमानाचे आठ भाग पाडून येतात. दिनमान म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त. सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला असेल तर प्रत्येक भाग बरोबर दीड तासाचा होतो. वर अण्णांनी दिलेलं कोष्टक त्या हिशोबाचं आहे. आता डोंबिवलीत डिसेंबरच्या मध्याला सूर्य सहाला उगवतो का? सात वाजून गेलेले असतात.

ठाणे-डोंबिवली परिसरात तेव्हा उदय साधारण ७:०३, अस्त साधारण ६:०३. दिनमान अकरा तास, म्हणजे पंचांगाच्या भाषेत २७ घटी ३० पळे. त्याचा अष्टमांश साडेब्याऐंशी मिनिटं. गुरुवारचा राहुकाळ हा सहावा भाग. पाच भाग संपतात १:५५ च्या सुमारास. म्हणजे त्या दिवशी तुमच्या गावचा राहुकाळ १:५५ ते ३:१८. अमृत चौघडियाही गुरुवारी सहावाच भाग, त्यामुळे तोही १:५५ ते ३:१८. पावणेदोनला यातलं काहीच नाही.

मग पावणेदोनला काय आहे? पाचवा भाग, १२:३३ ते १:५५. गुरुवारचे चौघडिये क्रमाने शुभ, रोग, उद्वेग, चर, लाभ, अमृत, काळ, शुभ. पाचवा लाभ! दुकानाला आणखी काय पाहिजे?

कोरांटी

आकडेमोड, तुमच्या तोंडात साखर. पण एक सांगा, एकच वेळ एकाच्या हिशोबाने राहूची आणि दुसऱ्याच्या हिशोबाने अमृत, असं कसं होतं? आठवड्यात इतर वारीही असं होतं का?

आकडेमोड

मंगळवारी होतं. मंगळवारचा राहुकाळ सातवा भाग, आणि मंगळवारचा सातवा चौघडिया शुभ. उरलेल्या पाच वारी भांडण नाही: सोमवारी आणि शुक्रवारी राहुकाळात काळ चौघडिया येतो, शनिवारी आणि बुधवारी रोग, रविवारी उद्वेग. तिथे बेळगाव आणि गुजरात एकमताने "नको" म्हणतील. तुमच्या घरात वाद पेटला कारण तुम्ही नेमका गुरुवार निवडलात.

याचं कारण दोन्हींची घडणच वेगळी आहे. चौघडियाचा क्रम होऱ्यांचा (होरा म्हणजे एकेका ग्रहाचा तास) आहे: रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ. ज्या वाराचा जो ग्रह, त्याच्यापासून सुरुवात करायची. गुलिक आणि यमगंड या राहुकाळासारख्याच आणखी दोन वेळा, त्यांचाही हिशोब सरळ आहे. दिवसाचा पहिला भाग त्या वाराच्या ग्रहाचा, पुढचे वारांच्या क्रमाने, आठव्याला धनी नाही. त्यात शनीचा भाग आला की गुलिक, गुरूचा आला की यमगंड. म्हणून गुलिक शनिवारी पहिला, शुक्रवारी दुसरा, गुरुवारी तिसरा असा एकेक सरकत जातो. राहुकाळ असा सरकत नाही. रविवारपासून लिहिला तर ८, २, ७, ५, ६, ४, ३. या आकड्यांतून वारांचाही क्रम निघत नाही आणि होऱ्यांचाही नाही. राहूला स्वतःचा वार नाही, त्यामुळे त्याला जागा वेगळ्याच पद्धतीने दिलेली आहे. म्हणून तर पाठ करायला टर्बनवाला फादर लागतो.

तिरकस

आकडेमोडबुवा, आता मी गंभीरपणे एक विचारतो. राहू म्हणजे चंद्राची कक्षा आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्यातला एक बिंदू. तो आकाशात उलटा सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. राहुकाळ काढताना हा बिंदू आज कुठे आहे ते तुम्ही पाहिलंत का?

आकडेमोड

नाही. वार आणि सूर्योदय-सूर्यास्त, एवढंच लागतं.

तिरकस

म्हणजे ज्याच्या नावाने दीड तास सगळं गाव हातावर हात ठेवून बसतं, तो त्या वेळी क्षितिजाच्या वर आहे की खाली याचीही चौकशी होत नाही. बरं. चहा झाला, मी चाललो. दुकानाला शुभेच्छा, आणि हे मनापासून.

भिक्षुकी

नमस्कार. मी पौरोहित्य करतो, वाईकडचा. घरात चार पिढ्या हेच. आजोबा मुहूर्त काढून द्यायचे, पण यजमानाला त्यांनी राहुकाळ सांगितलेला मी कधी ऐकला नाही. ते पाहायचे तिथी, नक्षत्र, करण. व्यतीपात-वैधृती हे अशुभ योग टाळायचे, क्षयतिथी टाळायचे, भद्रा (अशुभ मानलेलं एक करण) टाळायचे आणि लग्नशुद्धी, म्हणजे त्या वेळी उगवणारी रास, बघायचे. आमच्याकडे पोथ्या मुहूर्तमार्तंड आणि मुहूर्तचिंतामणी. मार्तंड तर आपल्याच मातीतला, देवगिरीजवळच्या नारायण दैवज्ञांचा, शके १४९३ चा. चिंतामणी काशीतल्या राम दैवज्ञांचा, शके १५२२ चा. त्यात वारांवरून येणारे कुलिक, कालवेला, यमघंट, कंटक असे दोष आहेत. म्हणजे दिवसाचे तुकडे पाडून अमुक तुकडा टाळा हा विचार जुना आहे. पण जुने लोक त्या एकाच गोष्टीवर मुहूर्त ठरवत नसत.

आज यजमानाचा फोन येतो तो थेट "गुरुजी, राहुकाळ कधी संपतोय?" असा. तिथी कोणती विचारा, सांगता येत नाही. कारण उघड आहे: तिथी-नक्षत्राला पंचांग वाचता यावं लागतं, राहुकाळाला कोष्टक पुरतं. मोबाइलवर तर लाल पट्टीच येते. माझी त्याला हरकत नाही, ज्याच्या घरी चालत आलंय त्यांनी धरावं. ज्यांच्या घरी कधीच नव्हतं त्यांनी मोबाइल घेतल्यापासून धरायला लागणं मला पटत नाही.

कोरांटीताई, त्या दिवशीची तिथी आणि करण तेवढं पंचांगात बघून घ्या. दाते असेल घरात तर त्यात भद्रा कधी सुरू, कधी समाप्त ते दिलेलं असतं. ती नसली की लाभ चौघडियात खुशाल उघडा. आणि बाराच्या पूजेला जमत असेल तर अभिजित मुहूर्तही मिळेल. दिनमानाचे पंधरा भाग केले की मधला आठवा तो अभिजित. त्या दिवशी तुमच्याकडे १२:११ ते १२:५५ च्या आसपास. बुधवारी तो धरत नाहीत, गुरुवारी चालतो.

मालवणी_मसालो

गुरुजी, अभिजित म्हणजे भर बारा ना? आमच्या आजीचं शास्त्र याच्या बरोबर उलटं. "भर बाराचा तिठ्यार जाव नको रे!" बाराला विहिरीवर जायचं नाही, पिंपळाखालून जायचं नाही, माडावर चढायचं नाही. तिन्हीसांजेला तर यादी मोठीच: केर काढायचा नाही, केस विंचरायचे नाहीत, नखं कापायची नाहीत, उंबऱ्यावर बसायचं नाही, शेजारणीला मीठ आणि विरजण द्यायचं नाही. एकदा पाहुणे आलेले असताना शेजारची बाई विरजण मागायला आली. आजीने तिला दिवेलागण होईपर्यंत गप्पांत अडकवून ठेवली, दिवा लावला, हात जोडले आणि मग वाटी भरून दिली. नाही म्हणायला नको आणि शास्त्रही मोडायला नको.

भिक्षुकी

आजी हुशार! पण बघा, रामाचा जन्म भर बाराचा, आणि गोरज मुहूर्तावर लग्नं लागतात ती गाई घरी यायच्या वेळेला, म्हणजे तुमच्या तिन्हीसांजेलाच. ज्या वेळेला आजी नखं कापू देत नाही त्याच वेळेला तिच्या नातीवर अक्षता पडतात. वेळ तीच, काम कोणतं त्यावर सगळं.

कावेरीकाठ

अनुमोदन, आणि आमच्याकडचं उदाहरण. आम्ही तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांच्या काळापासून आमची घरं तिकडे, त्यामुळे माझं मराठी जरा जुनं वाटलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे राहुकाळात शुभकार्य नाहीच. पण मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच राहुकाळात बायका देवळात दुर्गेपुढे रांग लावतात. लिंबू अर्धं कापून रस पिळून काढायचा, साल उलटी करून वाटीसारखी करायची, त्यात तूप घालून वात लावायची. शुक्रवारी साडेदहाच्या सुमारास देवळात गेलात तर लिंबाच्या सालीचा आणि तुपाचा मिळून एक करपट वास सुटलेला असतो, हात तुपाने माखलेले, आणि बाहेर लिंबं विकणाऱ्या बाईला बोलायला फुरसत नसते. लग्न ठरत नाही, मूल होत नाही, अशा अडचणींना हा दिवा.

कुंभकोणजवळ तिरुनागेश्वरमला राहूचं देऊळच आहे. तिथे राहुकाळात दुधाचा अभिषेक होतो, आणि मूर्तीवरून खाली येताना दूध निळं दिसतं अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणजे जी वेळ घरात टाळायची ती देवळात साधायची.

गुलिकाचंही असंच. गुलिकात जे कराल ते पुन्हा पुन्हा होतं असं मानतात. म्हणून त्यात प्रेत उचलत नाहीत, पण सोनं आवर्जून घेतात.

तिरकस

(परत आलो.) सराफांनी हे गुलिकाचं वाचायला नको.

संत्रानगरी

आकडेमोड, नागपूरचं सांगता का? आमच्याकडे सूर्य तुमच्याआधी उगवतो.

आकडेमोड

नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंशांनी, अंशाला चार मिनिटं, म्हणजे पंचवीस मिनिटं आधी. डिसेंबरच्या मध्याला उदय साधारण ६:४२, अस्त ५:३४. अष्टमांश साडेएक्याऐंशी मिनिटांचा. गुरुवारचा राहुकाळ १:३० ते २:५१. छापील कोष्टकाशी जवळपास जुळलाच की! तुम्ही डिसेंबरात डोळे झाकून छापील वेळ धरा, डोंबिवलीकरांनी धरू नये.

यातच खरी मेख आहे. ही सहा ते सहाची कोष्टकं तमिळनाडूत बऱ्यापैकी चालतात. तिथे विषुववृत्त जवळ असल्याने दिनमान वर्षभरात फार लांबत-आखडत नाही, आणि चेन्नई प्रमाणवेळेच्या ८२.५ अंशांच्या रेषेजवळ असल्याने मध्यान्ह बाराच्या आसपासच येते. मुंबई त्या रेषेपासून जवळजवळ दहा अंश पश्चिमेला, म्हणून इथलं सगळं चाळीसेक मिनिटं उशिरा. मुंबईने स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागची. ती राहिली असती तर व्याह्यांचं कोष्टक डोंबिवलीत बरंचसं बरोबर आलं असतं. जूनमध्ये आणखी वेगळं: मुंबईत दिनमान सव्वातेरा तासांच्या वर, रविवारचा राहुकाळ ५:३९ ला सुरू होऊन ७:१८ ला सूर्यास्ताबरोबर संपतो. छापील ४:३० ते ६ पाळणारा माणूस सहाला निश्चिंत मनाने बाहेर पडतो, तो बरोबर राहूच्या तोंडात.

टेम्सकाठी

लंडनहून हजेरी. इथे जूनमध्ये उदय पावणेपाचला आणि अस्त सव्वानऊनंतर. अष्टमांश दोन तासांच्या वर जातो, गुरुवारचा राहुकाळ तीनपासून सव्वापाचपर्यंत. डिसेंबरात मात्र तासाभरात आटोपतो, एक ते दोन म्हणा हवं तर. आमच्या मंडळातल्या एका काकू भारतातून येणाऱ्या कॅलेंडरच्या वेळा तशाच्या तशा धरतात आणि त्यांच्या सूनबाई भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून धरतात. दोघींचं एकमत कधी होत नाही, पण घरातून वेळेवर निघणंही कधी होत नाही.

नॉर्वेत ट्रॉम्सोला मैत्रीण आहे. तिथे मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. तिने विचारलंय, आमचा राहुकाळ कुठून मोजायचा?

तिरकस

तिला सांगा, तिकडे व्हिसा मिळाला नाही राहूला.

सुईणबाई

अवांतर होईल, पण लिहिते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आधीच ठरवलेलं सिझेरियन असेल तर नातेवाईक ज्योतिषांकडून वेळेची चिठ्ठी घेऊन येतात. दिवसाउजेडी, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हजर असतील अशी वेळ असली तर मी वाद घालत नाही. आईला तेवढंच बरं वाटतं. पण बाळाचे ठोके पडत असताना "दहा मिनिटं थांबा, राहुकाळ संपतोय" म्हणणारे सासरे मी पाहिलेत. तिथे मी कोणाचं ऐकून घेत नाही. दुकानाचं शटर आणि हे, यांना एक नियम लावू नका एवढंच.

भिक्षुकी

डॉक्टर, शंभर टक्के बरोबर. संकटाच्या कामाला मुहूर्त नसतो, हे आमच्याकडेही शिकवतात. आजारपण, औषध, अपघात, कोणाचा जीव वाचवणं, यात वेळ बघायची नाही.

कोरांटी

सगळ्यांचे आभार. ठरलं: सव्वाला लाभात नारळ फोडायचा. आकडेमोड यांचा हिशोब व्याह्यांना फोनवरून वाचून दाखवला. ते दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे राहुकाळ आहेच, फक्त पुढे सरकलाय. मग हरकत नाही." मालक काकांना अमृत हुकल्याचं थोडं वाईट वाटलं, पण लाभ म्हटल्यावर खुलले. करणही पाहिलं, भद्रा नाही.

जाता जाता एक. गुरुजी, ही भद्रा दर वर्षी नेमकी राखीलाच कशी काय आडवी येते? २०२३ ला तर ३० ऑगस्टला सकाळी अकराच्या सुमारास लागली ती रात्री नऊला संपली. माझ्या भावाने राखी बांधून घेतली तेव्हा पोरं झोपलेली.

भिक्षुकी

ती आडवी येत नाही, तिची जागाच तिथे आहे. भद्रा म्हणजे विष्टी करण, आणि करण म्हणजे अर्धी तिथी. महिन्यात विष्टी आठ वेळा येते: शुक्ल पक्षात चतुर्थी आणि एकादशीच्या उत्तरार्धात, अष्टमी आणि पौर्णिमेच्या पूर्वार्धात; कृष्ण पक्षात तृतीया आणि दशमीच्या उत्तरार्धात, सप्तमी आणि चतुर्दशीच्या पूर्वार्धात. म्हणजे कोणत्याही पौर्णिमेचा पहिला अर्धा भाग भद्रेचाच. राखी पौर्णिमेला, होळी पौर्णिमेला, त्यामुळे हे दोन सण आणि भद्रा यांची गाठ पडणारच. श्लोकही याच दोघांचा आहे: "भद्रायां द्वे न कर्तव्ये श्रावणी फाल्गुनी तथा".

निशिगंध

म्हणून २०२४ च्या होळीला रात्री सव्वाअकरानंतर पेटवा असे मेसेज फिरत होते! आमच्या सोसायटीत आठलाच पेटली. पोळ्या गार झाल्या असत्या.

भिक्षुकी

बऱ्याच ठिकाणी तसंच झालं. राखीचं मात्र दर वर्षी रात्र होईपर्यंत थांबावं लागतं असं नाही. पौर्णिमा कधी लागते त्यावर आहे. २०२३ ला ती सकाळी लागली, म्हणून भद्रेने सगळा दिवस खाल्ला. २०२५ ला आदल्या दुपारी लागली, त्यामुळे ९ ऑगस्टला सूर्य उगवायच्या आत भद्रा संपलेली होती आणि सकाळी सातलाही राखी बांधता आली. पंचांगात पौर्णिमेचा प्रारंभ आणि समाप्ती बघा, दोन्हींच्या मधोमध भद्रा संपते. साधारण दहा ते तेरा तासांचा मामला असतो.